बुनचॉंग : पांढऱ्या लेपाची कोरियन भांडी पहिल्यांदा करून बघताना

कोरियात राखाडी मातीच्या भांड्यावर पांढऱ्या मातीचा लेप द्यायचा आणि तो ओलसर असतानाच त्यावर कोरायचं, खरवडायचं, शिक्के मारायचे अशी एक जुनी पद्धत आहे. तिला बुनचॉंग म्हणतात. चाकावर वाटी, बशी बऱ्यापैकी काढता येऊ लागली आणि कुणी 'आता पुढे काय शिकू?' असं विचारलं, की मी हिचंच नाव घेते. महागडे रंग लागत नाहीत, चित्रकला यायलाच हवी असंही नाही. शिवाय मातीची ओल बोटांनी ओळखायला ही पद्धत जितकं शिकवते, तितकं माझ्या अनुभवात दुसऱ्या कशानेच शिकवलेलं नाही.

आधी थोडं मागचं सांगते, कारण ते कळलं की पुढच्या पायऱ्या सोप्या वाटतात. गोर्यो राजवटीत कोरियाच्या नैऋत्य किनाऱ्याजवळ कांगजिन आणि बुआन इथे हिरवट झिलईची अतिशय नाजूक भांडी होत. चौदाव्या शतकात समुद्री चाच्यांच्या धाडी वाढल्या, राजवट खिळखिळी झाली आणि ते कुंभार देशभर पांगले. 1392 मध्ये जोसॉन राजवट आली. नव्या गावात जी माती मिळाली ती भरड, लोहाचा अंश असलेली, भाजल्यावर काळपट राखाडी होणारी. तिच्यावर पांढऱ्या मातीचा हात फिरवून कुंभारांनी काम सुरू केलं आणि पुढची साधारण दोनशे वर्षं ते चाललं. सेजोंग राजाच्या काळच्या, 1454 साली पुऱ्या झालेल्या भौगोलिक नोंदींत 139 चिनी मातीसारख्या भांड्यांच्या आणि 185 साध्या मातीच्या भांड्यांच्या अशा एकूण 324 भट्ट्यांची यादी आहे. भट्ट्या इतक्या विखुरलेल्या असल्यामुळे प्रत्येक भागाचा हात वेगळा झाला. पुढे 1460 च्या दशकात राजधानीजवळच्या ग्वांगजू इथे पांढऱ्या पोर्सेलीनसाठी दरबारी भट्ट्या उभ्या राहिल्या, मागणी तिकडे वळली आणि सोळाव्या शतकात बुनचॉंग हळूहळू मावळलं.

आजचं नाव मात्र विसाव्या शतकातलं. को यू-सॉप या कोरियन कला-इतिहासकाराने 1930 च्या दशकात 'पांढऱ्या लेपाने सजवलेली राखाडी-निळसर भांडी' अशा अर्थाचं लांब नाव दिलं, त्याचं आखूड रूप म्हणजे बुनचॉंग. त्याआधी जपानी संग्राहक या भांड्यांना 'मिशिमा' म्हणत. कोरलेल्या रेषेत दुसऱ्या रंगाची माती भरण्याला स्टुडिओमध्ये आजही मिशिमाच म्हणतात. तुम्ही ते केलं असेल तर या घराचं एक दार तुम्ही आधीच उघडलेलं आहे.

माती

स्टोनवेअरची माती घ्या, म्हणजे जास्त तापमानाला दगडासारखी घट्ट भाजली जाणारी. आपल्याकडच्या कुंभारवाड्यातली लाल माती सुंदर असते, पण तिचा जीव साधारण हजार अंशांपर्यंत. बुनचॉंग बाराशेच्या पुढे भाजायचं असतं, तिथे ती माती बसते, फुगते, कधी वितळून भट्टीची फळी खराब करते. दुकानात स्टोनवेअर मागताना 'थोडं लोह असलेली, भाजल्यावर राखाडी किंवा बदामी होणारी' असं स्पष्ट सांगा. अगदी पांढरी माती घेतलीत तर पांढऱ्या लेपाला उठाव येणार नाही. मातीत थोडी बारीक ग्रॉग, म्हणजे भाजलेल्या मातीची रवाळ पूड, असेल तर उत्तम. लेपाचं पाणी प्यायल्यावर भांडं तग धरतं.

पहिल्यांदा करताना वाटी नको, बशी करा. पसरट, 15 ते 18 सेंटिमीटर व्यासाची, तळाशी थोडी जाड. सपाट जागेवर हात मोकळा चालतो. चाक नसेल तर लाटण्याने पोळी लाटून ती एखाद्या थाळीत बसवली तरी चालते. एकाच वेळी चार-पाच बश्या करून ठेवा. एकच बशी असली की हात घाबरतो.

त्यासोबत त्याच मातीच्या दहा-बारा छोट्या पट्ट्याही कापून ठेवा. लेप, लोहाचा रंग, ग्लेझ (वरची काचेसारखी झिलई), सगळ्याची चाचणी त्यांवर होईल. हे काम कंटाळवाणं वाटतं म्हणून सगळे टाळतात, आणि मग भट्टीतून आलेल्या बशीवर चाचणी झालेली असते.

पांढरा लेप

स्टुडिओत याला स्लिप म्हणतात. माझं प्रमाण असं: चायना क्ले 50 भाग, बॉल क्ले 25, फेल्डस्पार 15, क्वार्ट्झ 10. एक किलो कोरडी पूड केलीत तर पाच बश्यांना भरपूर पुरते. बादलीत आधी पाणी घ्या, मग पूड वरून हळूहळू सोडा आणि न ढवळता रात्रभर मुरू द्या. सकाळी ढवळून 80 मेशच्या चाळणीतून दोनदा गाळा. आपल्याकडच्या बॉल क्लेमध्ये थोडं लोह असतं, त्यामुळे लेप दुधासारखा शुभ्र न येता सायीसारखा पिवळसर येतो. मला तोच आवडतो. जुन्या भांड्यांचा पांढराही कोरडा, ट्यूबलाइटसारखा नसतो.

पूड हाताळताना मास्क लावा, एन-95 दर्जाचा. क्वार्ट्झ आणि चायना क्लेची धूळ फुप्फुसात साठते आणि ती परत निघत नाही. खाली सांडलेलं झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. हा नियम मी कुणालाही मोडू देत नाही.

लेप किती दाट हवा हे कामावर ठरतं. रेषेत भरायला चक्क्याइतका घट्ट. कुंच्याने फासायला बासुंदीसारखा, कुंचा उचलल्यावर जाड धार पडेल असा. भांडं बुडवायला घट्ट ताकाएवढा. बोट बुडवून बघा: बोटावर सलग थर राहिला पाहिजे आणि नखाची कड त्यातून अंधुक दिसली पाहिजे.

ओल ओळखणं

या लेखातलं एकच लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. लेप द्यायची वेळ मातीच ठरवते. भांडं चाकावरून उतरल्यावर इतकं आवळलेलं हवं की हातात धरून उलटं करता येईल, बोटाने दाबलं तर आकार बदलणार नाही, पण नखाचा ओरखडा मऊ, सलग उमटेल. याला सगळे लेदर-हार्ड म्हणतात. गालाला लावलं तर भांडं गार लागतं. गार लागायचं थांबलं म्हणजे उशीर झाला.

कारण साधं आहे. माती वाळताना आणि भाजताना आकसते, सगळं मिळून दहा ते तेरा टक्के. लेप आणि भांडं बरोबरीने आकसले तरच एकमेकांना धरून राहतात. भांडं आधीच वाळलं असेल तर नंतर दिलेला लेप एकटाच आकसतो, त्याला भेगा पडतात आणि कडा वर वळून पापुद्रे निघतात. माझ्या पहिल्या वर्षी एका दुपारी मी सहा बश्यांना उशिरा लेप दिला होता. दुसऱ्या दिवशी काठावरून लेप कांद्याच्या सालासारखा सुटत होता. त्यानंतर मी घड्याळ बघणं सोडलं आणि गालाला लावून बघायला लागले.

पुण्यात मे महिन्यात ही अवस्था दोन तासांत येऊन जाते. पावसाळ्यात कोकणात दोन दिवस लागतात. थांबायचं असेल तर भांडं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळा, काठावर ओलं फडकं ठेवा, कारण काठ नेहमी आधी वाळतो.

कुंच्याचा एक फेरा

इथूनच सुरुवात करा. कोरियन भाषेत या भरड, रुंद कुंच्याला आणि त्याच्या कामाला ग्वियाल म्हणतात. मऊ ब्रश इथे उपयोगाचा नाही. भाताच्या पेंढ्याची जुडी मनगटाएवढी घ्या, सुतळीने घट्ट बांधा, टोकं सारखी कापा आणि हातोडीने थोडी ठेचून मऊ करा. भिंतीला चुना लावायचा कुंचा मिळाला तर तोही चालतो.

बशी चाकाच्या मधोमध बसवा. कुंचा लेपात पुरता बुडवा, झटकू नका. चाक मध्यम वेगाने सोडा. कुंचा मध्यावर टेकवा आणि एका श्वासात काठापर्यंत बाहेर न्या. झालं. परत हात लावायचा नाही.

आता बशी जवळून बघा. मध्यावर जिथे कुंचा टेकला तिथे लेप गोळा होऊन जाड बसलाय. बाहेर जाताना पेंढ्याच्या एकेका काडीने आपली रेघ ओढलीय, दोन रेघांच्या फटीतून राखाडी माती दिसतेय. काठाशी लेप संपत आलाय, तिथे पांढरा तुटक झालाय, वाऱ्याने भुरभुरलेल्या पिठासारखा. तुमच्या हाताचा वेग आणि कुंच्यातला लेप कुठे संपला, हे सगळं तिथे नोंदलं गेलंय. मोकळी राहिलेली जागा भरून काढायचा मोह होतो. भरलीत की बशी मेली. हे मी विद्यार्थ्यांना दर वेळी सांगते आणि तरी निम्मे जण भरतातच, म्हणून इथे पुन्हा सांगते.

पाचपैकी दोन बश्या अशाच ठेवा. उरलेल्यांवर पुढचं काम करू.

खरवडणं आणि रेघ ओढणं

लेप दिल्यावर त्याची चमक जाईपर्यंत थांबा. बोट लावलं तर बोटाला पांढरं लागता कामा नये, पण लेप अजून थंड असावा. आता टोकदार काडीने किंवा बोथट सुईने चित्र ओढा: मासा, कमळ, पान, नुसत्या लाटा. रेघेतून खालची काळसर माती दिसते. फक्त रेघ ओढून थांबलात तर ते जोह्वा. रेघेच्या बाहेरचा पांढरा लेप पात्याने खरवडून काढलात आणि फूल किंवा मासा तेवढा पांढरा ठेवलात तर ते बाकजी. ही दोन्ही कामं मुख्यतः नैऋत्येकडच्या जॉल्ला प्रांतातली.

गोव्यात, कोकणात जुन्या देवळांच्या भिंतींवर कावेचं काम (कावी कला) पाहिलं असेल तर तत्त्व लगेच कळेल. तिथे पांढऱ्या चुन्यावर लाल कावेचा थर देतात आणि तो कोरून आतला पांढरा बाहेर काढतात. इथे उलट, वर पांढरा आणि आत काळा.

खरवडताना निघालेले मातीचे कण लगेच हाताने पुसू नका, लेपावर डाग पडतात. थोडे वाळू द्या, मग मऊ ब्रशने झाडा. आणि चित्र आधी पेन्सिलीने आखून घेऊ नका. जुन्या बशीवरचा मासा दोन-तीन झटक्यांत ओढलेला असतो, शेपटी काठाला धडकते, डोळा वाटोळा आणि मोठा. वर्तमानपत्रावर वीसदा ओढून हात मोकळा करा आणि मग थेट बशीवर या.

लोहाचा रंग

ग्वियालच्या बशीवर काळ्या-तपकिरी रंगाने चितारलं की ते चॉलह्वा. गोंगजूजवळ ग्येर्योंगसान डोंगराच्या पायथ्याशी हाकबोंग-री इथल्या भट्ट्या यासाठी प्रसिद्ध आहेत, 1927 मध्ये तिथे उत्खनन झालं. तिथला मासा एकदा पाहिला की विसरत नाही.

दोन चमचे लाल आयर्न ऑक्साइड, एक चमचा पांढऱ्या लेपाची कोरडी पूड आणि पाणी एकत्र करून खलात चांगलं घोटा. लेप आवळल्यावर लांब केसांच्या ब्रशने चितारा. पातळ लागलं तर पिवळट तपकिरी येतं, जाड लागलं तर जवळजवळ काळं, फार जाड असेल तर खरखरीत धातूसारखं फुगतं. घरात गेरू असेल तर तोही वापरून बघा. त्यात लोह कमी आणि माती जास्त, म्हणून रंग फिका येतो. पट्टीवर आधी भाजून बघितल्याशिवाय बशीवर लावू नका.

शिक्के

आग्नेयेकडचा ग्यॉंगसांग प्रांत शिक्क्यांच्या कामासाठी ओळखला जातो. नाव इन्हवा. शेवंतीच्या फुलाचे किंवा ठिपक्यांचे छोटे शिक्के भांडंभर एकमेकांना चिकटून मारायचे, वरून लेप फासायचा आणि वरचा लेप पुसून काढायचा. खड्ड्यांत पांढरा उरतो आणि विणलेल्या कापडासारखा पोत तयार होतो.

यातल्या अनेक भांड्यांवर सरकारी कचेऱ्यांची नावं कोरलेली सापडतात, जसं राजवाड्याच्या वस्तू पुरवणाऱ्या जांगहुंगगो या खात्याचं. सरकारी भांडी चोरीला जात, परत येत नसत, म्हणून 1417 मध्ये खात्याचं नाव घालायचा हुकूम निघाला. लग्नाकार्यात भांडी हरवू नयेत म्हणून आपण स्टीलच्या पातेल्यांवर नावं घालून घेतो, तीच काळजी. मला ही भांडी त्यामुळे फार जवळची वाटतात.

शिक्के घरीच करा. मातीची करंगळीएवढी कांडी घ्या, टोक सपाट करा, आठ पाकळ्या कोरा, वाळवून भाजून घ्या. भाजलेली माती ओल्या मातीला चिकटत नाही. शंकरपाळ्याचं कातणं फिरवलं तर नागमोडी ओळ मिळते, ती फुलांच्या दोन रांगांमध्ये छान बसते. शिक्का मारताना माती लेदर-हार्डपेक्षा किंचित मऊ हवी आणि आतून दुसऱ्या हाताचा आधार हवा. खोली एक ते दीड मिलिमीटर पुरे. लेप भरल्यावर घाई करून पुसलात तर खड्ड्यातलंही निघून येतं. भरलेला लेप आणि भांडं सारखंच आवळलं की पातळ लोखंडी पात्याने अलगद खरवडा. पांढऱ्या धुक्यातून एकेक फूल वर येतं, तो क्षण बघायला माझ्या स्टुडिओत सगळे हातातलं काम सोडून येतात.

रेषा कोरून त्यात पांढरी किंवा काळी माती भरणं, म्हणजे सांगाम, हेही याच रीतीने होतं. शिक्क्याऐवजी कोरणी वापरायची, इतकाच फरक.

बुडवणं

हे सगळ्यात शेवटी शिका. नाव दॉम्बॉंग, पाण्यात काही पडल्याचा आवाज. आपल्या 'डुबुक'सारखा. दक्षिणेकडच्या गोहुंगमधल्या उनदे-रीच्या भट्ट्यांत ही भांडी होत आणि आज तिथे बुनचॉंगचं संग्रहालय आहे. वाटी पायाला, म्हणजे बुडाखालच्या कड्याला, धरायची, लेपात उलटी बुडवायची आणि उचलायची. पाय कोरा राहतो, बोटांच्या खुणा राहतात.

दिसायला सोपं, पण सगळ्या भिंतींना एकदम पाणी लागतं. पातळ काढलेली वाटी मिनिटाभरात काठापासून चिरते किंवा गळून बसते. म्हणून भिंत थोडी जाड ठेवा, वाटी लेदर-हार्डहून किंचित जास्त आवळलेली असू द्या. आधी आत लेप ओतून फिरवून काढून टाका, चमक गेली की मगच बाहेरून बुडवा. बुडवून तीन मोजा आणि बाहेर काढा. उलटं धरून शेवटचा थेंब पडू द्या.

वाळवणं आणि पहिली भाजणी

लेप दिलेलं भांडं नेहमीपेक्षा सावकाश वाळवा, पहिले दोन दिवस पिशवीत, मग सावलीत. पंख्याखाली ठेवू नका. लेपाला बारीक भेगा दिसल्या तर पुढच्या वेळी लेप पातळ करा किंवा बॉल क्ले थोडी कमी करा. लेप पापुद्र्यासारखा सुटला तर भांडं अजून ओलं असताना लेप द्या.

पहिली भाजणी, म्हणजे बिस्क, 900 ते 950 अंशांवर. शंभर अंशांपर्यंत फार हळू, आणि 573 अंशांच्या आसपास पुन्हा हळू, कारण तिथे क्वार्ट्झ अचानक फुगतं. स्वतःची भट्टी नसेल तर जवळच्या स्टुडिओत भाडं देऊन भाजून मिळतं. देताना मातीचं नाव आणि तापमान चिठ्ठीवर लिहून द्या.

ग्लेझ आणि मोठी भाजणी

ग्लेझ पारदर्शक आणि पातळ. 1280 अंशांच्या भट्टीसाठी पोटॅश फेल्डस्पार 40, क्वार्ट्झ 30, व्हायटिंग (खडूची बारीक पूड) 20, चायना क्ले 10 हे जुनं सोपं प्रमाण चालतं. इलेक्ट्रिक भट्टी कोन 6 (कोन हे भाजणीचं माप), म्हणजे साधारण 1220 ते 1240 अंशांपर्यंत जाणार असेल तर त्या कोनचं तयार पारदर्शक ग्लेझ विकत घ्या आणि माती त्याच कोनची घ्या. बिस्क ओल्या स्पंजने पुसा, पायाला मेण लावा, ग्लेझमध्ये दोन सेकंद बुडवा. वाळलेला थर पोस्टकार्डाहून जाड नको. जाड ग्लेझखाली कुंच्याच्या सगळ्या रेघा बुजतात आणि एवढी मेहनत वाया जाते.

जुन्या भांड्यांचा निळसर राखाडी रंग भट्टीत हवा कमी दिल्यामुळे येतो. लाकडाच्या किंवा गॅसच्या भट्टीत साधारण हजार अंशांनंतर हवा रोखली की ज्योत मातीतल्या लोहाचा ऑक्सिजन ओढून घेते. इलेक्ट्रिक भट्टीत हे होत नाही, माती बदामी किंवा तपकिरी येते. तीही पांढऱ्या लेपाखाली देखणी दिसते. फक्त राखाडी रंगाच्या हट्टाने इलेक्ट्रिक भट्टीत लाकूड, कागद टाकू नका. कॉइल जळतात आणि खोलीत विषारी धूर भरतो.

भट्टी शंभर अंशांच्या खाली आल्याशिवाय उघडू नका. बशी बाहेर आली की पाय पाण्यात भिजवून बारीक पॉलिशपेपरने घासा, नाहीतर टेबलाला चरे पडतात. वापरायच्या आधी भांडं तासभर साध्या पाण्यात ठेवा. लेपात बारीक छिद्रं असतात, ती आधी पाणी पितात आणि मग चहाचा, तेलाचा डाग कमी धरतात. तरीही बुडवून केलेल्या वाटीत रोज चहा प्यायलात तर काही महिन्यांत पांढऱ्यावर फिकट तपकिरी ढग उमटतील. जपानी चहा-समारंभाचे शौकीन अशा जुन्या कोरियन वाट्यांवरच्या डागांना 'पावसाची गळती' म्हणतात आणि ते असलेली वाटी जपून ठेवतात. माझ्या स्वयंपाकघरातल्या वाटीवर आत एका बाजूला तसा एक ढग आलाय, अजून पसरतोय.